तौलनिक राजकारणाचा पेपर आणि आण्णांचा अविश्वास ठराव

बीएला राज्यशास्त्र घेतलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलेलं की सोपा विषय आहे, पाठ करायचं आणि लिहून यायचं. माझं एफवाय लग्नाआधीच झालं होतं, मग मधे बराच गॅप पडला, आता सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात अकाउंट्स बघते आणि राहिलेली डिग्री बाहेरून पूर्ण करतेय. त्यामुळं रोजची लेक्चर्स वगैरे काही नाही, रविवारी संपर्क सत्र असतं आणि सौद्याच्या सीझनला तेही बुडतं. ह्या टर्मला तौलनिक राजकारणाचा पेपर होता, तो कसा निघाला ते लिहितेय, कारण मला विचारणाऱ्या दोघीतिघी आहेत आणि प्रत्येकीला वेगळं व्हॉइस मेसेज करायचा कंटाळा आलाय.

सिलॅबस म्हणजे पहिल्या युनिटला विषयाचं स्वरूप, व्याप्ती, अभ्यासपद्धती आणि पुढं एकेक देश, ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, स्वित्झर्लंड, चीन. गाइडमधे प्रत्येक देशाला तीच हेडिंग्ज, राज्यघटनेची वैशिष्ट्ये, कार्यकारी मंडळ, कायदेमंडळ, न्यायमंडळ, पक्षपद्धती. ब्रिटनची घटना अलिखित आणि लवचिक, अमेरिकेची लिखित आणि परिदृढ (म्हणजे सहज न बदलता येणारी), असं वाचत जायचं आणि फ्रान्सला पोचेपर्यंत ब्रिटन डोक्यातून पुसलेलं असायचं. बरं नाव तौलनिक, पण अख्ख्या गाइडमधे तुलना कुठंच नाही, पाच देश एकाच पुस्तकात शेजारी शेजारी छापलेत एवढंच.

तेव्हा सासरे आमच्याकडंच होते. मिरजेला गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जिना चढायचा नाही, गाव तासगाव तालुक्यात, तिथं लक्ष द्यायला कोणी नाही म्हणून सांगलीला आणलेले. आण्णांनी सगळी हयात गावच्या पॅनेलच्या राजकारणात घातलीय. मी मेथी निवडत मोठ्यानं वाचत बसलेली, हाउस ऑफ लॉर्ड्सचे अधिकार की काहीतरी, आणि आण्णा कॉटवरनं म्हणाले, “ते सगळं ऱ्हाऊ दे गं, त्यांच्यात अविश्वास कसा आणत्यात ते सांग.”

मी गाइड चाळलं. ब्रिटनमधे दोन ओळी, अमेरिकेत महाभियोगाचा एक पॅरा, आणि स्वित्झर्लंडमधे अविश्वासच नाही. म्हटलं हे भारी आहे. दुसऱ्या दिवशी दुकानातनं एक जुनी खतावणी आणली, कोऱ्या पानावर रकाने पाडले: सरकार कोण पाडतं, किती मतं लागतात, पडल्यावर कोण बसतं, परत लोकांकडं जायला लागतं का. डावीकडं देशांची नावं. पुढचा सगळा अभ्यास त्या पानावर झाला म्हटलं तरी चालेल.

ब्रिटनला साधं बहुमत पुरतं, एका मतानंपण सरकार जातं. २८ मार्च १९७९ ला पंतप्रधान कॅलहन यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१० नं पडलं. लेबर पक्षाचा एक खासदार अगदी अत्यवस्थ होता, त्याला ॲम्ब्युलन्समधून आणायचं का यावर चर्चा झाली आणि कॅलहननी नको म्हटलं. हे आण्णांना सांगितलं तर ते बराच वेळ हसले, म्हणाले आमच्यात खाटंसकट आणला असता. मग स्वतःच म्हणाले, वाजपेयींचं पण तसंच की. १७ एप्रिल १९९९, २६९ विरुद्ध २७०. गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले पण खासदारकी सोडली नव्हती, त्यांनी येऊन मत दिलं, हे आण्णांना तोंडपाठ. म्हणजे दोन देश, वीस वर्षांचं अंतर, पण यंत्रणा तीच, कारण आपण ती तिकडनंच घेतलीय. पण त्याच यंत्रणेला आपण १९८५ ला पक्षांतरबंदी कायदा जोडला, ब्रिटनमधे तसला कायदा नाही, तिथं खासदार पक्षाविरुद्ध मत देतात आणि खासदारकी शाबूत राहते. परीक्षेत साम्य आणि फरक लिहा म्हणतात ते हे.

जर्मनी आमच्या सिलॅबसमधे नव्हताच, तो मी माझ्या हौसेनं वाचला आणि सगळ्यात जास्त तोच आवडला. १९४९ च्या मूलभूत कायद्यातलं (म्हणजे त्यांच्या घटनेतलं) ६७ वं कलम, चॅन्सेलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला हटवायचं असेल तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडायचा, नुसतं पाडता येत नाही. ह्याचं मूळ वायमार प्रजासत्ताकात, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत आहे, तिथं एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष सरकार पाडायला एकत्र यायचे पण बसवायला कोणाचंच जमायचं नाही, आणि त्या अस्थिरतेतनं पुढं हिटलर आला ते माहितीच आहे. १९७२ ला चॅन्सेलर ब्रांट यांच्याविरुद्ध हा ठराव आणला तो फसला, १९८२ ला श्मिट गेले आणि कोल आले, आत्तापर्यंत केंद्रात यशस्वी झालेला तेवढा एकच. आण्णा म्हणाले हा कायदा आमच्या ग्रामपंचायतीला पायजे होता, निम्मे सरपंच वाचले असते आणि सदस्यांच्या सहली बी वाचल्या असत्या. (सहल म्हणजे ठरावाच्या आधी सदस्य गोव्याला नेऊन ठेवतात ती, दोन्हीकडच्या लोकांना माहिती असतं कोण कुठल्या लॉजला आहे, तरी फोन बंद.)

अमेरिकेत अविश्वास नाहीच, महाभियोग आहे आणि तो गुन्ह्यासाठी, धोरण पटत नाही म्हणून नाही. प्रतिनिधीगृहात साधं बहुमत, सिनेटमधे दोन तृतीयांश. जॉन्सन १८६८, क्लिंटन यांच्यावर १९९८ ला ठेवला, ट्रम्प २०१९ आणि परत २०२१, एकजणही सिनेटमधे दोषी ठरला नाही. निक्सननी १९७४ ला मतदान व्हायच्या आधीच राजीनामा दिला. म्हणजे चार वर्षं माणूस बसला की बसला.

इथं आण्णांनी जी गोष्ट काढली ती मला कुठल्या नोट्समधे मिळाली नसती. आपल्या राज्यात २०१७ ला सरपंच थेट जनतेतून निवडायला लागले, २०२० ला ते रद्द करून परत सदस्यांतून, २०२२ ला परत थेट. आमच्या गावात थेटच्या वेळी सरपंच एका पॅनेलचा आला आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचं, मग उपसरपंच त्यांचाच. मासिक सभेत एकेक ठराव अडकायचा, गटारीचा ठराव, दिव्यांचा ठराव, सगळं पेंडिंग. सरपंच हटवायचा तर तीन चतुर्थांश सदस्य पाहिजेत आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान, ते काय जुळेना. मी म्हटलं आण्णा, हे अमेरिकेचं झालं, राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेस दुसऱ्याची, बजेट अडकलं की तिथं सरकारी ऑफिसं बंद पडतात, २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेला बंद ३५ दिवस चालला होता.

पहिल्यांदा मला वाटलं हे फ्रान्ससारखं आहे, कारण तिथंपण अध्यक्ष थेट निवडलेला, १९६२ च्या सार्वमतापासून, आणि शिवाय पंतप्रधान. १९८६ ला अध्यक्ष मित्तराँ समाजवादी आणि पंतप्रधान शिराक उजवे असं दोन तोंडांचं सरकार होतं, त्याला सहवास म्हणतात. पण फ्रान्समधे बहुमत दुसऱ्याचं आलं की देशातला कारभार पंतप्रधानाच्या हातात सरकतो, आमच्या उपसरपंचाच्या हातात काय सरकतं? सही सरपंचाचीच. त्यामुळं नाही, अमेरिकाच. आणि फ्रान्समधे संसद पंतप्रधानाला पाडू शकते, डिसेंबर २०२४ ला बार्निए यांचं सरकार असंच गेलं, १९६२ नंतर पहिल्यांदा, अध्यक्ष मात्र जागेवरच.

स्वित्झर्लंडवर आण्णांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. सात जणांचं मंडळ, मोठे पक्ष सगळे आत, अध्यक्षपद दरवर्षी फिरतं, निवड झाली की चार वर्षं कोणी काढू शकत नाही. “मग विरोधात कोण?” लोकच, म्हटलं, सह्या गोळा करून कायद्यावर सार्वमत घेतात. पण त्याच देशात बायकांना केंद्रातलं मत १९७१ ला मिळालं, आणि ते पण पुरुषांच्या सार्वमतानंच, हे मी मुद्दाम सांगितलं.

एवढं झाल्यावर मी पहिलं युनिट उघडलं, म्हणजे उलटं केलं, आणि माझं मत विचाराल तर उलटंच करावं. ॲरिस्टॉटलनी १५८ राज्यघटना गोळा केल्या होत्या, अमेरिकन अभ्यासक आल्मंड यांनी संस्थेच्या नावाऐवजी ती काम काय करते ते बघा असं सांगितलं, हे आधी वाचलं असतं तर नुसतं पाठांतर झालं असतं. इंग्लिश विचारवंत मिल यांची फरकाची पद्धतही तशीच, बाकी सगळं सारखं आणि एकच गोष्ट वेगळी असेल तर परिणामाचं कारण तिथं शोधा. गाव तेच, भावकी तीच, फक्त सरपंच निवडायचा नियम बदलला. अर्थात मधल्या वर्षांत कोरोना आला, राज्यात सरकारं बदलली, त्यामुळं सगळं नियमामुळंच झालं असं म्हणता येत नाही, आणि हा आक्षेपसुद्धा उत्तरात लिहायचा असतो, त्याला मार्क आहेत.

चीनला माझं पान चाललं नाही. सरकार कोण पाडतं ह्या रकान्यात लिहिणार काय? राष्ट्रीय लोक काँग्रेसला कागदावर अध्यक्षाला काढायचा अधिकार आहे, जवळपास तीन हजार सदस्य आहेत, पण निर्णय पक्षात होतो. म्हणून तिथं माणूस बदलतो कसा असा वेगळा रकाना केला, त्यात २०१८ ला अध्यक्षपदाची दोन टर्मची मर्यादा काढली ते लिहिलं.

असाइनमेंटला औंध घेतलं. १९३९ ला औंध संस्थानच्या राजांनी आपणहून सत्ता सोडून घटना दिली, गावची पंचायत लोकांनी निवडायची आणि वरच्या सभा खालच्यांतून होत जायच्या, म्हणजे आजच्या थेट सरपंचाच्या बरोबर उलट टोक. आटपाडी तेव्हा औंधातच होती, त्यामुळं विषय आपल्या जिल्ह्यातलाच झाला. सेंटरवरच्या मॅडमना आवडलं, फक्त म्हणाल्या संदर्भ नीट लिहा.

पेपरला दीर्घोत्तरीत संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतीची तुलना आली, मी पूर्ण अविश्वासावरच रचलं, टिपांत स्वित्झर्लंडचं मंडळ आलं. ब्रिटिश न्यायमंडळावरची टीप सोडली, ते मला अजून येत नाही. मार्क चांगले पडले, फार नाही. रिझल्ट आला त्या आठवड्यात आण्णा गावाला परत गेलेले, फोनवर म्हणाले ते जर्मनीचं कलम कितवं म्हणालीस, कागदावर लिहून दे, इथं एकाला दाखवायचंय.