घाटी वर टाकली तर धाराशिव जाईल का?

राज्यातले प्रवेश पाहणाऱ्या सीईटी सेलने एमबीबीएसचे प्रेफरन्स फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचे फॉर्म, उघडले की लातुरातल्या आमच्या मार्गदर्शन केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. अशाच गर्दीत एक वडील मुलीला घेऊन आले. हातात दोनशे पानी वही, तिच्यात गेल्या वर्षीचे कटऑफ लाल पेनाने उतरवलेले. मुलीला छत्रपती संभाजीनगरची घाटी, म्हणजे तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज, हवी होती. वडिलांनी मात्र पहिल्या नंबरला धाराशिवचं कॉलेज लिहिलं होतं.

“सर, घाटी वर टाकली अन् नाही लागली, तर तोवर धाराशिव भरून जाईल की!”

या एका भीतीपायी हाताशी आलेलं चांगलं कॉलेज सोडून बसलेली पोरं मी पाहिली आहेत. नुसतं तोंडी सांगून ती जात नाही. मी चार विद्यार्थ्यांच्या चार चिठ्ठ्या केल्या, रँकप्रमाणे टेबलावर मांडल्या, प्रत्येकीवर पसंतीक्रम लिहिला. घाटीच्या दोन जागा, लातूर आणि धाराशिवची एकेक. त्यांना म्हटलं, “कॉम्प्युटर तुम्हीच व्हा.”

पहिल्या दोघांनी घाटी नेली. तिसरी चिठ्ठी लेकीची. त्यांचं बोट घाटीवरून खाली सरकलं, लातूरवर थांबलं. चौथ्याने धाराशिव पहिलंच लिहिलेलं.

“मग धाराशिव आधीच गेलं का?” मी विचारलं.

“कसं जाईल? त्याची पाळी तर हिच्यानंतर आहे!” ते स्वतःच म्हणाले.

मग लेकीच्या चिठ्ठीवर धाराशिव वर घेतलं. बोट तिथंच अडलं, लातूर रिकामं असूनही खाली गेलं नाही. त्यावर ते बराच वेळ गप्प होते.

राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांचं वाटप असंच चालतं, फक्त प्रवर्गांच्या जागा वेगळ्या पाहिल्या जातात. अमेरिकेत डॉक्टरांना पुढच्या प्रशिक्षणाच्या जागा देणाऱ्या रेसिडेन्सी मॅचमध्ये हॉस्पिटलंही उमेदवारांची क्रमवारी लावतात. आपल्याकडे नीटची रँक बोलते. म्हणून यादी मनातल्या क्रमाने लावावी आणि जिथं जायचंच नाही ते कॉलेज लिहूच नये. फी झेपणार नव्हती अशी दोन खासगी कॉलेजं आम्ही तिथंच खोडली.

पहिल्या फेरीत तिला लातूर लागलं. धाराशिव यादीत पार खाली होतं. जागा पक्की करायला आले तेव्हा वडिलांनी विचारलं, “स्टेटस रिटेन्शन भरून टाकू का?” म्हणजे हीच जागा कायम ठेवून पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडायचा फॉर्म.

मी बोलायच्या आत मुलगी म्हणाली, “नको पप्पा. दुसऱ्या फेरीत घाटी निघाली तर?”