दोन कोर्टं, एक लग्न

रविवार, रात्र

ख्रिस्ती माणसाने जुन्या मताचं असावं की नव्या? लग्नापुरतं माझं उत्तर ठरलेलं आहे: चर्चमध्ये जुन्या, कोर्टात नव्या. पळवाट वाटेल, पण इतिहास पाहिला तर दुसरं उत्तर सुचत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातलं येशूचं वचन, देवाने जे जोडलं ते माणसाने तोडू नये, मला सैल करायचं नाही. मात्र धर्माची कडक बाजू सरकारी कायद्यात उतरली की काय होतं, ते 1869 च्या भारतीय घटस्फोट कायद्यात दिसतं. कलम 10 प्रमाणे नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराला छळाची, नाहीतर किमान दोन वर्षं टाकून दिल्याची जोड द्यावी लागे. नुसती मारहाण सोसणारीला घटस्फोट नव्हताच. फार तर न्यायालयीन फारकत, म्हणजे वेगळं राहा, पण बांधलेलीच राहा. यात वचनाची राखण कुठे आहे? नवऱ्याची सोय तेवढी दिसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 मध्ये ही जोड देण्याची अट काढली आणि 2001 च्या दुरुस्तीने नवरा-बायकोला सारखी कारणं दिली. परस्परसंमतीचं कलम 10-अ तेव्हाच आलं: दोन वर्षं वेगळं राहणं, मग एकत्र अर्ज, मग सहा ते अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टापुढे उभं राहणं. हिंदू विवाह कायद्यात वेगळं राहण्याची मुदत एकच वर्ष आहे. केरळ उच्च न्यायालयाने 2010 मध्ये ख्रिस्त्यांसाठीही एकच वर्ष धरलं. आपल्याकडे अर्ज करण्याआधी वकिलाला हे नेमकं विचारून घ्यावं.

कॅथलिकांचा खरा घोळ पुढे होतो. धर्मप्रांताचं ट्रिब्यूनल, म्हणजे बिशपच्या हद्दीतलं चर्चचं न्यायालय, घटस्फोट देत नाही, लग्न मुळातच अवैध होतं का ते ठरवतं. लग्नाच्या दिवशीच संमती खोटी होती का, धाक होता का, महत्त्वाची गोष्ट लपवून फसवलं का, अशा गोष्टी ते तपासतं. तिथे विवाहबंधनाचा एक रक्षक नेमलेला असतो. लग्न वैध होतं अशी बाजू मांडणं हेच त्याचं काम. (मला ही जागा फार आवडते. जुनेपणा असावा तर असा, युक्तिवाद करणारा.) पूर्वी लग्न अवैध ठरायला दोन ट्रिब्यूनलांचे सारखे निकाल आवश्यक असत, पोप फ्रान्सिस यांच्या 2015 च्या बदलानंतर एक पुरतो.

पण लग्न अवैध होतं असा ट्रिब्यूनलचा कागद हातात आला म्हणून कुणी लगेच दुसरं लग्न केलं, तर कायद्याच्या नजरेत पहिलं अजून उभंच असतं. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये चर्चच्या निकालाला घटस्फोट मानायला नकार दिला. म्हणजे द्विभार्येचा गुन्हा, सात वर्षांपर्यंत कैद. उलट, फक्त कोर्टाचा हुकूम घेऊन पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये, गेलं, तर फादर लग्न लावणार नाहीत. कागद दोन्ही लागतात.

आणखी दोन गैरसमज पिढ्यान् पिढ्या चालत आलेत. कोर्टाचा घटस्फोट झाला एवढ्याने कम्युनियन, म्हणजे मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेणं, बंद होत नाही. अडचण येते ती चर्चबाहेर दुसरं लग्न केल्यावर. आणि ट्रिब्यूनलने लग्न अवैध ठरवलं म्हणून मुलं अनौरस होत नाहीत. आईबापांपैकी एकाने जरी ते लग्न वैध समजून केलं असेल, तरी चर्चच्या कायद्यातल्या कलम (कॅनन) 1137 प्रमाणे मुलं औरसच. या एका भीतीपायी अर्ज न करणाऱ्या बायका आजही आहेत, आणि वेदीवरून हे वाक्य क्वचितच ऐकू येतं.