मांडीची लांबी, हाताची लांबी आणि नवशिक्याचा पहिला आकडा

वय, वजन आणि उंची जवळपास सारखी असलेले दोन नवशिके एकाच दिवशी बारबेलचा, म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट लावलेल्या लोखंडी बारचा, व्यायाम सुरू करतात, तरीही पहिल्याच आठवड्यात त्यांच्या स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठण्यात, वीस किलोंचा फरक दिसतो. कमी वजन उचलणारा खजील होतो, आणि त्याला शिकवणाराही पुष्कळदा तो पुरेसा जोर लावत नाही असे समजतो. नवशिक्यांना शिकवताना ही समजूत मला सर्वांत जास्त खटकते. पहिल्या आकड्यात जिद्दीचा वाटा अगदी थोडा असतो. हाडांची लांबी आणि त्या शरीराने तोवर केलेली कामे यांचाच वाटा त्यात मोठा असतो.

स्क्वॉटमध्ये हे सर्वांत स्पष्ट दिसते. तोल राखायचा तर खांद्यावरचा बार पावलाच्या मध्यावर सरळ रेषेत राहावा लागतो, आणि त्यातून कोणाचीच सुटका नाही. मांडी जमिनीला समांतर येते तेव्हा गुडघा या रेषेच्या पुढे आणि खुबा मागे असतो. दोघांचे गुडघे सारखेच, समजा 18 सेंटिमीटर, पुढे गेले, तर 40 सेंटिमीटर मांडीच्या माणसाचा खुबा रेषेच्या 22 सेंटिमीटर मागे राहतो आणि 46 सेंटिमीटर मांडीच्या माणसाचा 28 सेंटिमीटर मागे जातो. बार दोघांच्याही खांद्यावर 40 किलोचाच असला, तरी हे अंतर वाढते त्याच प्रमाणात भारही वाढतो, म्हणून लांब मांडीच्या माणसाच्या खुब्यावर येणारा बारचा भार, पहिल्याने सुमारे 51 किलो खांद्यावर घेतल्यावर जेवढा आला असता, तेवढा असतो.

धडाच्या लांबीने या अंतरात काही फरक पडत नाही. पाठ किती झुकणार, एवढेच तिच्यावर ठरते. खुब्यापासून बारपर्यंतचे अंतर 50 सेंटिमीटर असेल, तर पहिल्याची पाठ उभ्या रेषेपासून साधारण 26 अंश आणि दुसऱ्याची 34 अंश झुकते. दुसऱ्याचे तेच अंतर 44 सेंटिमीटर असेल, तर त्याची पाठ जवळपास 40 अंशांपर्यंत जाते. अशा माणसाला ‘छाती वर, पाठ सरळ उभी’ असे पुन्हा पुन्हा बजावणारा शिक्षक त्याला मागे पडायला सांगत असतो, कारण छाती उचलताच बार पावलाच्या मध्यावरून टाचेच्या मागे सरकतो. पाठीचा कणा ताठ आहे ना, एवढे पाहावे आणि झुकण्याबद्दल तक्रार करू नये. उंच टाचेच्या बुटांनी गुडघा थोडा अधिक पुढे जाऊ शकतो, आणि पावले रुंद ठेवून बोटे बाहेर वळवली की मांडीची पुढेमागे पसरणारी लांबी कमी होते. हे दोन उपाय मी कोणत्याही सूचनेच्या आधी करून पाहतो.

बाकावर उताणे पडून बार छातीवरून वर ढकलायच्या बेंच प्रेसमध्ये लांब हात आणि चपटी छाती यांचा तोटा होतो, कारण बारला अधिक अंतर कापावे लागते. 36 सेंटिमीटरऐवजी 45 सेंटिमीटर म्हणजे प्रत्येक वेळी पंचवीस टक्के अधिक काम. हेच लांब हात डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभे राहण्यात, वरदान ठरतात, कारण बारपर्यंत पोहोचायला कमी वाकावे लागते आणि बार फार वर न्यावाही लागत नाही. शरीराच्या पाचपट वजनाचा डेडलिफ्ट 1985 मध्ये पहिल्यांदा करणारा पॉवरलिफ्टर लामार गँट 60 किलो वजनी गटातला होता. त्याचे हात विलक्षण लांब होते आणि वक्र कण्यामुळे धड आखूड झाले होते. याच वजनी गटात 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये 190 किलोंचा क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर नेण्याचा उचल) करणारा वेटलिफ्टर नईम सुलेमानोलू उंचीने दीड मीटरही नव्हता. दोन्ही खेळ निराळे असले, तरी कोणत्या बांध्याला कोणता उचल मानवतो याची यापेक्षा बोलकी जोडी मला ठाऊक नाही.

डेडलिफ्टमधली एक बाब मात्र नवशिक्यावर अन्याय करणारी आहे आणि ती सहज टाळता येते. मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असल्याने बार जमिनीपासून 22.5 सेंटिमीटर उंचीवर असतो. ज्याला अजून तेवढे वजन पेलत नाही त्याला लहान प्लेट लावून दिल्या जातात आणि बार आणखी खाली येतो, म्हणजे सर्वांत कमी ताकदीच्या माणसाला सर्वांत खालून उचलावे लागते. दोन्ही बाजूंना एकेक प्लेट आडवी ठेवून त्यावर बार टेकवला, की हा अन्याय दूर होतो.

डोळ्यांना न दिसणारे फरकही असतात. दंडाचा स्नायू कोपरापासून साधारण चार सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो; ही जागा अर्धा सेंटिमीटर पुढे असली, तर तेवढ्याच स्नायूत बारा टक्के अधिक जोर मिळतो. ते मोजताही येत नाही आणि बदलताही येत नाही, म्हणून त्यावर अधिक बोलण्यात अर्थ नाही.

पूर्वायुष्याचे तसे नाही. मोरितानी आणि डीव्हरीस या संशोधकांनी 1979 मध्ये दाखवून दिले, की सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिकण्यातून येते आणि स्नायूंच्या वाढीचा वाटा नंतर मोठा होतो. कुस्ती, जिम्नॅस्टिक्स किंवा ओझी वाहण्याचे काम केलेल्या माणसाने यातले बरेच शिक्षण आधीच घेतलेले असते. श्वास रोखून पोट घट्ट करणे त्याला सांगावे लागत नाही, आणि बार हातातून निसटण्याची भीतीही त्याच्या मनात नसते. अनेक वर्षे खुर्चीत बसून काम केलेल्या माणसाला हे सगळे शून्यापासून शिकायचे असते, त्यामुळे त्याचा पहिला आकडा लहान असला तरी पुढच्या दोन-तीन महिन्यांतली त्याची वाढ बहुधा अधिक वेगवान असते. स्त्रियांच्या बाबतीत कमरेवरच्या ताकदीतला पुरुषांशी असलेला फरक पायांच्या ताकदीतल्या फरकापेक्षा मोठा असतो, म्हणून ओव्हरहेड प्रेससाठी, म्हणजे उभे राहून बार खांद्यावरून डोक्यावर ढकलण्यासाठी, 20 किलोंचा रिकामा बारही अनेकींना सुरुवातीला जड जातो. त्यांच्यासाठी 15 किलोंचा किंवा त्याहूनही हलका बार जिममध्ये असलाच पाहिजे. तो नसेल, तर ती उणीव जिमची आहे.

‘शरीराच्या वजनाइतका बेंच, दीडपट स्क्वॉट’ अशी कोष्टके नवशिक्याच्या हाती देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. स्नायूचा जोर त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि वजन मात्र घनफळाबरोबर वाढते, त्यामुळे मोठ्या शरीराच्या माणसाला तीच पट गाठणे मुळातच अवघड जाते.

राहिला प्रश्न वजन किती वेगाने वाढवायचे याचा. इथे मी कष्टाची सवय असलेल्या नवशिक्यालाच अधिक जपतो, कारण त्याचे स्नायू दर खेपेला पाच किलो वाढवायला तयार असले, तरी स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरा स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात. त्याच्या बारवर मी प्रत्येक खेपेला अडीच किलोच वाढवतो, आणि गुडघ्याखाली किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले, तर दुखणे ओसरेपर्यंत तेही थांबवतो.