सहा इंच बाय सहा इंच

अमेरिकेच्या यादवीतल्या निनावी सैनिकाच्या कबरीवर पाटी नसते, ठोकळा असतो. माथा सहा इंच बाय सहा इंच, उंची तीस इंच. त्यातले सव्वीस इंच जमिनीत, चार वर, आणि माथ्यावर फक्त आकडा. सरकारने 1873 मध्ये हे माप ठरवलं. खचलेले, कललेले असे ठोकळे उपसून सरळ बसवणं हे माझं काम. आमचे साताऱ्याकडचे लोक विचारतात, 'तिकडे जाऊन नक्की करतोस काय?' मी म्हणतो, पाथरवटच आहे, फक्त ओव्हरटाइम मिळतो.

ही गोष्ट ज्या दफनभूमीतली आहे तिचं नाव घेत नाही, कारण ठेकेदार अजून तोच आहे. पण चित्र समजावं म्हणून मेरीलँडमधल्या अँटीटमच्या रणभूमीचं सांगतो, तिथल्या दफनभूमीतही मी दोन हंगाम काढलेत. 17 सप्टेंबर 1862, एकच दिवस. दोन्ही बाजू मिळून मेलेले, जखमी आणि बेपत्ता सुमारे 23,000. मेलेल्यांना शेतातच उथळ खड्ड्यांत पुरलं. पुढे चारेक वर्षांनी त्यांना उकरून एका टेकडीवर आणायला घेतलं, तोवर लाकडी फळ्यांवरची बरीच नावं ऊन-पावसाने गेलेली. मग ओळख पटवायची ती खिशातल्या पत्रांवरून, पावत्यांवरून, पट्ट्यावर कोरलेल्या खुणांवरून. यादवीतले 4,776 जण आहेत तिथे. त्यातले 1,836 निनावी. आणि हे सगळे उत्तरेकडचे बरं का. दोन्हीकडच्यांना एकाच जागी पुरायचा बेत आधी होता, पण युद्ध संपलं तरी राग संपला नव्हता. दक्षिणेकडचे बरेचसे जवळच्या हेगर्सटाउन गावात, वेगळे.

लोकांना वाटतं, दगड म्हणजे कायमचा. दीडशे वर्षं पावसात उभा राहिलेला संगमरवर 'साखर' होतो. हात फिरवला की कणी सुटते, बोटांना खरीच साखर लागल्यासारखी वाटते. अशा दगडाला तारेचा ब्रश लावणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. ब्लीच नाही, प्रेशर वॉशर नाही. आधी साधं पाणी, मग औषध मारून थांबायचं, मग मऊ ब्रश, तोही खालून वर, नाहीतर ओघळांचे डाग राहतात. दगडफूल एका दिवसात निघत नाही, आठवडे जातात. (हो, आपल्या गोड्या मसाल्यातलं असतं ना, त्याच्याच जातीचं.) शिवाय अक्षरं दिसावीत म्हणून शेव्हिंग फोम फासणारे हौशी पूर्वज-शोधक येतात ते वेगळेच. त्यांना हसतो तेवढ्यात गावच्या देवळाबाहेरचे वीरगळ आठवतात. जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्यांना ऑइलपेंट फासलाय. तेव्हा गप्प बसतो.

तर तो दिवस. नियम असा की एका वेळी एकच ठोकळा उपसायचा आणि तो बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. मी खडी आणायला गेलो होतो. परत येतो तर आमच्या उन्हाळी कामावरच्या पोराने शेजारचे दोन ठोकळे पहारीने उपसून ताडपत्रीवर आडवे ठेवलेले. दोन्ही इतके खचलेले होते की माथ्यावर गवत आलं होतं, त्यामुळे सकाळच्या फोटोत आकडे नाहीतच. 'कुठला कुठला?' विचारलं. पोराचा चेहरा पांढरा पडला.

सुपरवायझर म्हणजे आपल्याकडचा मुकादमच. तो म्हणाला, 'अरे, दोघंही निनावी आहेत. कुणाला काय फरक पडतो?'

मला फार राग आला. त्या माणसाचं नाव गेलं, गाव गेलं, आई-बापाला पत्ता लागला नाही. उरला तो एक आकडा. नोंदवहीत त्या आकड्यापुढे एवढंच असतं की हा अमुक शेतातून आणला. तेही शेजाऱ्याला देऊन टाकायचं?

मी ताडपत्री डोक्यावर घेतली आणि टॉर्च माथ्याला जवळजवळ टेकवून आडवा धरला. तिरक्या उजेडात झिजलेल्या खोबणीतही सावली पडते. पहिल्यावर काही नाही. टॉर्च हळूहळू फिरवत गेलो, तेव्हा शेवटच्या आकड्याची गोलाई दिसली. सहा. दुसऱ्यावर तिरकी रेघ, सात. ओळीत अलीकडे पाच, पलीकडे आठ. म्हणजे प्रश्न सुटला होता.

पण सवयीने खड्डे तपासले. या ठोकळ्यांचे वरचे चार इंचच घोटलेले असतात, खालचा भाग टाकीच्या घावांचा ओबडधोबड, त्यामुळे चिकणमातीत त्याचा जसाच्या तसा साचा उरतो. सहाच्या ठोकळ्याचा खालचा कोपरा उडालेला होता. त्या उडालेल्या कोपऱ्याचा ठसा मला आठच्या बाजूच्या खड्ड्यात सापडला. पुन्हा पाहिलं. पोरालाही बघायला लावलं. शंका नाही: सहा सातच्या जागी होता आणि सात सहाच्या. साच्याच्या कडेने बोटाएवढं मूळ वळून गेलेलं, म्हणजे ही अदलाबदल आजची नव्हती, पोराची तर नव्हतीच.

आता काय? आमचा धंदा सांगतो, जसं सापडलं तसं ठेवा आणि नोंद करा. नोंदवही सांगते, पाचनंतर सहा. मुकादम घड्याळाकडे बघत होता. मी खडी ठोकली, दोरी ताणली, पाणसळ लावली आणि आकड्यांच्या क्रमाने बसवले. साडेपाच वाजले. रिपोर्टात त्याने लिहिलं: 'दोन ठोकळे सरळ केले.'

घरी आल्यावर जेवता जेवता सुचलं, की आधी बसवणाऱ्याने चूक केली हे कशावरून? दगड लागायच्या आधी तिथे लाकडी खुंट्या असणार. खुंट्याच उलट लागल्या असतील आणि कुणीतरी, माझ्यासारख्याच कुणीतरी, जाणूनबुजून दगड फिरवून ती चूक सुधारली असेल तर? त्यानेही कुठे लिहून ठेवलं नाही. किंवा त्याच्याही मुकादमाने 'दोन ठोकळे सरळ केले' असंच लिहिलं.

माझ्या वहीत दोन्ही खड्ड्यांचं रेखाटन आहे, उडालेल्या कोपऱ्यासकट, मापांसह. हंगाम संपला की वही ठेकेदाराच्या ऑफिसात जमा करायची असते, तिथून ती कुठे जाते मला ठाऊक आहे. यंदा केलेली नाही.