मुलाखतीतला प्रश्न मुद्दाम अपुरा असतो

सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या मुलाखतीत मी आधी अनेक वर्षे उत्तरे देणारा होतो आणि आता बहुधा प्रश्न विचारणारा असतो. उत्तरे देत होतो तेव्हा वाटे, की समोरच्याला बरोबर उत्तर हवे आहे. प्रश्न विचारू लागल्यावर कळले, की उत्तर आपल्याला ठाऊकच असते. पाऊण तासात पाहायचे असते ते एवढेच, की अर्धवट सांगितलेले काम हाती आल्यावर हा माणूस सुरुवात कुठून करतो.

फेऱ्यांचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. एचआरचा फोन, ऑनलाइन टेस्ट, कोडिंगच्या एक-दोन फेऱ्या, अनुभवी उमेदवार असल्यास सिस्टिम डिझाइन, म्हणजे एखादी मोठी सेवा कशी उभारायची याची मांडणी, आणि शेवटी मॅनेजरशी बोलणे. पहिल्या फोनवर पगाराची अपेक्षा आणि नोटीस पीरियड विचारतातच, त्यामुळे तेवढी उत्तरे तयार ठेवावीत. डोके खाजवायला लावणाऱ्या कोड्यांची मात्र धास्ती बाळगू नये. एके काळी त्यांचे फार प्रस्थ होते, पण गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनीच 2013 मध्ये ती निव्वळ वेळेचा अपव्यय असल्याचे जाहीरपणे सांगितले.

खरी परीक्षा कोडिंगच्या फेरीत होते. माझ्या एका जुन्या मुलाखतीत प्रश्न होता : संख्यांच्या यादीतून अशा दोन संख्या शोधा, की ज्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होईल. मी काहीही न विचारता एकात एक असे दोन लूप लिहिले, म्हणजे प्रत्येक संख्या बाकीच्या प्रत्येकीशी जोडून पाहिली, आणि पाच मिनिटांत काम झाले म्हणून खूश झालो. ‘‘यादीत दहा लाख संख्या असतील तर?’’ समोरच्या बाईंनी शांतपणे विचारले. तेव्हा तपासायच्या जोड्या सुमारे 50 हजार कोटी होतात. मग मी हॅश टेबलकडे, म्हणजे एखादी संख्या आपल्याकडे आहे का हे झटकन सांगणाऱ्या रचनेकडे वळलो, आधी सगळ्या संख्या त्यात भरल्या आणि नंतर प्रत्येकीची जोडीदार शोधू लागलो. ‘‘यादीत 3 एकदाच आहे आणि बेरीज 6 हवी आहे,’’ त्या म्हणाल्या. माझा प्रोग्राम 3 आणि 3 अशी जोडी देऊन मोकळा झाला! आधी शोधायचे आणि मग भरायचे, एवढ्या अदलाबदलीने ती चूक सुटते. पण ती मला त्यांनी दाखवावी लागली. यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे का, हेही मी विचारले नव्हते. ती तशी होती, म्हणजे दोन टोकांकडून आत सरकत गेलो असतो तर हॅश टेबलची गरजच पडली नसती.

म्हणून कोड लिहिण्याआधी यादी केवढी आहे, तीत पुनरावृत्ती आहे का, उत्तरच नसेल तर काय परत करायचे, हे विचारून घ्यावे आणि लिहून झाल्यावर एक छोटे उदाहरण हातानेच चालवून पाहावे. चूक निघाली तर ओशाळण्याचे कारण नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधण्याच्या पद्धतीत) मधला क्रमांक काढताना दोन टोकांची बेरीज 2,14,74,83,647 या तिथल्या पूर्णांकाच्या कमाल मर्यादेपुढे गेली की ती ऋण होत असे, आणि तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनी 2006 मध्ये त्यावर लेख लिहीपर्यंत ही चूक कित्येक वर्षे तिथेच होती. मौन मात्र महागात पडते. ‘‘मला दोन मिनिटे विचार करू द्या,’’ असे सांगून गप्प बसले तर कोणाची हरकत नसते. न सांगता दहा मिनिटे स्क्रीनकडे पाहत राहिले, तर समोरच्याला मदतही करता येत नाही.

सिस्टिम डिझाइनमध्ये बरेच जण आकडेमोड करण्याआधीच काफ्का आणि कुबरनेटीस अशा मोठ्या पसाऱ्यासाठीच्या साधनांची नावे घेऊ लागतात. लांब लिंक छोटी करून देणारी सेवा बनवा, हा नेहमीचा प्रश्न घ्या. दिवसाला एक कोटी विनंत्या म्हटल्या की छाती दडपते, पण दिवसाचे सेकंद 86,400, म्हणजे सरासरी सेकंदाला जेमतेम 116. गर्दीच्या वेळी हा आकडा पाचपट धरला, तरी नीट इंडेक्स केलेल्या (शोध झटपट व्हावा म्हणून सूची लावलेल्या) एका डेटाबेसला तो सहसा झेपतो. इंग्रजी मुळाक्षरे लहान-मोठी मिळून 52 आणि अंक 10, अशा 62 चिन्हांतून छोट्या लिंकसाठी सात चिन्हांचे सुमारे साडेतीन लाख कोटी वेगवेगळे संकेत तयार होतात. एवढे कागदावर मांडणारा उमेदवार माझ्या लेखी अर्धी फेरी जिंकलेला असतो.

मॅनेजरच्या फेरीत जुन्या कामाविषयी विचारतात आणि तिथे आपली भाषाच आपल्याला लपवते. ‘‘अडचण सोडवण्यात आली,’’ असे म्हटले की सोडवली कोणी, हे कळत नाही. ‘आम्ही’ नेही तेच होते. त्यात आपला वाटा किती होता आणि आपले कुठे चुकले, तेवढेच सांगावे. फुशारकी लगेच ओळखू येते.

शेवटी ‘‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’’ असा प्रश्न येतो. मी नेहमी विचारतो, की रात्री सिस्टिम बंद पडली तर फोन कोणाला जातो आणि मागच्या महिन्यात तो किती वेळा गेला. एका ठिकाणी हे विचारल्यावर समोरचे दोघे एकमेकांकडे पाहून हसले आणि तिसऱ्याने विषय बदलला. ती नोकरी मी घेतली नाही.