शेखाडीजवळ राहता आणि तरी युद्ध नको म्हणता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गणपतीला मुंबईहून गावी आलेली माझी शाळेतली जुनी मुलं ओटीवर बसली की एकजण तरी हमखास विचारतो, "बाई, तुमच्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं, तुम्हाला तर सगळ्यात जास्त राग यायला पाहिजे, मग टीव्हीवर युद्धाचं सुरू झालं की तुम्हीच नको कशा म्हणता? भीती नाही वाटत?"

वाटते. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले तेव्हा माझा भाऊ फोर्टमध्ये कामाला होता आणि रात्री दहापर्यंत त्याचा पत्ता नव्हता, आई देवासमोरून उठली नव्हती. तो सुखरूप आला, २५७ माणसं नाही आली. आणि नंतर कळलं की तो माल आमच्या दिघीला आणि शेखाडीला उतरला होता, जिथे आम्ही शाळेची सहल न्यायचो तिथे. तेव्हापासून रात्री खाडीत होडीचं इंजिन वाजलं तरी मी उठून बसते, अजूनही.

पण तो माल उतरला कसा, हे पण बघा ना. ट्रक रस्त्यात अडवलेले होते, पैसे घेऊन सोडले. कोर्टात कस्टम्सचे लोक दोषी ठरले, पोलीसही ठरले, आणि २०१३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने या सगळ्यांवर कडक ताशेरे मारले. कट सीमेपलीकडून झाला, तिथे ट्रेनिंग दिलं गेलं, हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. पण आमच्या रस्त्यावरचा तो ट्रक थांबवायला रणगाडा लागत नव्हता, पैशाला नाही म्हणणारा एक हवालदार पुरला असता. हे वाक्य मी प्रचारसभेत कधी ऐकलेलं नाही, कारण त्यावर टाळ्या पडत नाहीत.

आता इराकचं सांगते, कारण ते आमच्या आळीने फोनवर ऐकलंय. आमच्याकडे म्हसळा-श्रीवर्धनात घरटी एक माणूस आखातात. शेजारच्या खालांचा, म्हणजे आमच्या मुसलमान मावशींचा, मुलगा कुवेतला होता, १९९० मध्ये इराकचा सद्दाम तिथे घुसला तेव्हा सगळं सोडून परत आला, नंतर पुन्हा गेला. अमेरिकेत २००१ चा ११ सप्टेंबर झाला, विमानं पळवणारे १९ जण, त्यातले १५ सौदीचे, इराकचा एकही नाही. तरी पुढचं दीड वर्ष तिथले अध्यक्ष बुश आणि त्यांची माणसं भाषणांत सद्दाम आणि अल कायदा एका दमात बोलत राहिली, पुरावा अणुबॉम्बच्या ढगाच्या रूपात यायची वाट बघायची का असंही म्हणाले, ५ फेब्रुवारी २००३ ला त्यांचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराककडे रासायनिक, जैविक हत्यारं आहेत हे पटवायला युनोत छोटीशी बाटली हातात धरून बसले. मार्चमध्ये हल्ला झाला. कुवेतवर उलटी क्षेपणास्त्रं यायला लागली, सायरन वाजले की हा मुलगा बिल्डिंगच्या तळघरात आणि इकडे खाला माझ्याकडे येऊन फोनशेजारी बसायच्या, तेव्हा त्यांच्याकडे फोन नव्हता. सप्टेंबरात अमेरिकेतल्या एका पाहणीत दहातल्या जवळजवळ सात लोकांना वाटत होतं की ११ सप्टेंबरमागे सद्दामचा हात असावा, आणि त्याच महिन्यात बुश स्वतः म्हणाले की तसा पुरावा आमच्याकडे नाही. सहा महिन्यांनी! तोपर्यंत बगदाद पडलेलं. ती रासायनिक, जैविक हत्यारं तर सापडलीच नाहीत.

मला चीड येते ती इथे. त्या लोकांची भीती खोटी नव्हती हो, माझ्या आईची होती तशीच होती. ती उचलून दुसऱ्याच देशावर नेऊन टाकली आणि मरायला इराकी बायकामुलं.

आपल्याकडे असं नाही म्हणता? २०१९ ला पुलवामात ४० जवान गेले, दोन महिन्यांत औशाच्या सभेत पंतप्रधान पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरांना म्हणाले की तुमचं पहिलं मत बालाकोटच्या वीरांना, पुलवामाच्या शहिदांना अर्पण कराल का. मग काँग्रेसनेही आमच्या काळात सहा सर्जिकल स्ट्राइक झाले म्हणून यादी काढली. मला दोन्ही आवडलं नाही. एवढी स्फोटकं घेऊन गाडी हायवेवर त्या ताफ्यापर्यंत पोचली कशी, हा माझ्या शेखाडीचाच प्रश्न, तो दोघांच्या सभेत मागेच राहिला.

आणि तुम्ही २०२२ चं विसरलात का, १८ ऑगस्ट, हरिहरेश्वरला बोट लागली आणि आत एके-४७? सकाळपासून नाकेबंदी, मी घरातून हलले नाही, हात थंड पडले होते माझे. दुपारपर्यंत आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुठल्या देशावर बॉम्ब टाकायचा ते ठरलं होतं, खालांच्या नातवाला कोणीतरी नको ते बोललं, आणि त्याने ग्रुप सोडला. मग फडणवीसांनी विधानसभेत सांगितलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईची, मस्कतहून युरोपला निघालेली, इंजिन बंद पडलं, माणसांना वाचवलं आणि बोट वाहत वाहत इथे आली.

त्या मुलाला अजून कोणी ग्रुपवर परत घेतलेलं नाही. तुम्ही ॲडमिन आहात ना, घ्या त्याला.