मधली पट्टी

आज मोजणीदाराने हद्दीच्या खुणा रोवल्या, तेव्हा आमचे शेत आणि शेजारच्या आबांचे शेत यांच्यामध्ये चारेक हात रुंदीची एक पट्टी उरली, जी ना आमच्या सातबाऱ्यावर निघाली ना त्यांच्या.

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग माझ्या धाकट्या भावाने काठीने मातीत रेघ ओढली आणि म्हणाला, "कुंपण इथून घालू. बारा वर्षं कुणी हटकलं नाही, की झाली आपली."

मी त्याला सांगितले, की 1963 च्या मुदत कायद्यातील 12 वर्षे खासगी जमिनीसाठी आहेत, सरकारसाठी ती मुदत 30 वर्षांची आहे. आणि जमीन महसूल संहितेप्रमाणे ज्या जमिनीला कोणीच मालक नाही, ती सरकारची.

पण कायद्यापेक्षा मला दुसरेच टोचत राहिले. त्या पट्टीवर एक बोरीचे झाड आहे. आबांची नात आणि माझी मुलगी त्याची बोरे एकाच ओढणीत गोळा करतात. भावाने रेघ ओढली, तेव्हा आबांनी काहीही न बोलता त्या खरबरीत बुंध्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

खांब उद्या येणार आहेत. आज रात्रीच आबांकडे जाऊन बोलावे का?